मेंदूला वीज आणि आपले चंचल मूल

(आपल्या विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहिले आहे.)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा सगळ्यांना वाटले असणार की हा माणूस पुन्हा गिरणी कामगारांच्या घरांवर बोलणार. तो प्रश्न आहेच, तो सुटेपर्यंत मी बोलणारच. पण आज मी घरातला विषय घेऊन आलो आहे. आपल्या वस्तीत सध्या एक नवी गोष्ट कानावर येते. मूल अभ्यासाला बसत नाही, एका जागी थांबत नाही, तर त्याच्या डोक्याला मशीन लावा, मेंदूला हलकी वीज द्या, मूल शांत होईल. हे खरे किती, खोटे किती, आणि त्यापायी आपण घरातले सोने गहाण टाकावे काय, एवढाच आजचा विषय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सातवी शिकलेला माणूस. 1986 साली मुंबईच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, रिंग खात्यात. कल्याणहून पहाटेची लोकल धरून चौतीस वर्षे गेलो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गिरणी थांबली ती थांबलीच. तेव्हापासून वाचायला वेळ मिळाला. या विषयाचे बहुतेक सगळे इंग्रजीत आहे. आपल्याच वस्तीतली एक मुलगी नर्सिंग शिकते, तिने महिनाभर संध्याकाळी वाचनालयात बसून मला ते मराठीत समजावून सांगितले. या भाषणात जे बरोबर आहे ते तिचे, चुकले असेल ते माझे.

आता विषय घरात कसा शिरला ते ऐका. माझा नातू नऊ वर्षांचा, चौथीत. पोरगा हुशार. पण जेवायला बसला तर दोन घास खाऊन उठणार. दर आठवड्याला पाण्याची बाटली हरवणार. गणित येते, पण निम्मे सोडवून खिडकीबाहेर बघणार. शाळेच्या डायरीत लाल शाईने रोज एक शेरा. एक दिवस सूनबाई एक पत्रक घेऊन आली. आपल्या भागातल्याच एका खाजगी केंद्राचे, नाव घेत नाही. त्यात लिहिलेले, मेंदूला विद्युत उत्तेजन, औषध नाही, दुष्परिणाम नाही, वीस बैठका, चाळीस हजार रुपये. सूनबाई म्हणाली, "मामा, माझ्या गळ्यातलं गहाण ठेवू. पोराचं आयुष्य मार्गाला लागेल." मी गप्प बसलो. कारण तिला 'नको' म्हणायला माझ्याकडे ज्ञान नव्हते, आणि 'हो' म्हणायलाही नव्हते.

तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण या विहारात अनेकदा ऐकला आहे. सांगणारा मोठा आहे किंवा सगळे तसे म्हणतात, एवढ्यावरून काही मानू नये, तपासून बघावे. मी ठरवले, या पत्रकालाही तोच नियम लावू.

पहिला प्रश्न, हा आजार तरी काय? डॉक्टर याला एडीएचडी म्हणतात. लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा, आणि विचार न करता झटकन काहीतरी करून बसणे, अशा तीन गोष्टी त्यात येतात. काही मुलांत चंचलपणा दिसतच नाही, नुसते लक्ष टिकत नाही. अशी मुलगी वर्गात गुपचूप बसलेली असते म्हणून ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. जगभरातले अभ्यास धरले तर शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास असतो. म्हणजे पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन. हा काही मोबाईलने आणलेला नवा रोग नव्हे. 1798 साली अलेक्झांडर क्राइटन नावाच्या डॉक्टरने अशा लक्ष न टिकणाऱ्या माणसांबद्दल लिहून ठेवले आहे. मोबाईल त्यात भर घालीत असेल, पण मूळ तिथे नाही.

मी रिंग खात्यातला माणूस, म्हणून मला ते असे समजले. रिंग मशीनवर चारशेच्या वर चात्या फिरत असतात. कामगार दोन मशीनच्या मधून फेऱ्या मारतो. कुठे तार तुटली की क्षणात नजर तिथे गेली पाहिजे, तार जोडली पाहिजे आणि पुन्हा पुढे. बाकीच्या चात्या फिरत राहतात, त्यांच्याकडे बघायचे नसते. लक्ष म्हणजे हेच. कशाकडे बघायचे ते निवडणे, आणि बाकीचे सोडून देणे. या मुलांना लक्षच नाही असे नव्हे. त्यांची नजर चारशे चात्यांवर एकदम जाते. तुटलेल्या तारेपाशी ती थांबत नाही, एवढेच. आणि आपण काय म्हणतो? आळशी आहे, मस्ती आहे, मुद्दाम करतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या मुलांना 'ढ' ठरवायला काही लोक आधीच टपलेले असतात. पोराचे आडनाव वाचून 'याच्या डोक्यात शिरणार नाही' असे म्हणणारे मास्तर माझ्या पिढीने पाहिले आहेत. म्हणून कोणी 'तुमच्या मुलाला डॉक्टरकडे दाखवा' म्हटले की आपण चिडतो. ती चीड मला समजते. पण चिडून मुलाला न दाखवणे, यात नुकसान त्या मास्तरचे होत नाही, आपल्या मुलाचे होते. त्याचबरोबर प्रत्येक नाचऱ्या पोराला एडीएचडीचा शिक्का मारू नका. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, वर टीव्ही चालू, त्यात मूल अभ्यासाला बसले नाही तर तो आजार नव्हे.

मग आजार कसा ओळखायचा? लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, सहा महिन्यांहून जास्त टिकलेली हवीत, आणि एकाच ठिकाणी दिसून चालत नाही. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसली पाहिजेत. नुसते शाळेत होत असेल तर शाळेत काय चालले आहे ते बघा. रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही. डोक्याला तारा लावून 'ब्रेन मॅपिंग' केले आणि पंधरा मिनिटांत कागद हातात दिला, म्हणजे निदान झाले असे नाही. डॉक्टर आई-बापाशी बोलतात, शाळेकडून माहिती मागवतात, कान आणि डोळे तपासायला सांगतात, झोप विचारतात. ज्या मुलाला फळा दिसत नाही त्याचे लक्ष फळ्यावर कसे राहील?

आता त्या यंत्रांकडे येऊ. लोक वीज म्हटले की 'शॉक' समजतात. सिनेमात दाखवतात तो शॉक हा नव्हे. झटका आणणारा तो उपचार वेगळा, आणि तोसुद्धा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल दिल्याशिवाय देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला तर पालकांची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी असल्याशिवाय देता येत नाही. मी बोलतो आहे ती यंत्रे त्यापेक्षा खूप सौम्य आहेत. कवटी उघडायची नाही, सुई टोचायची नाही, भूल नाही, सगळे बाहेरून. त्याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला प्रकार चुंबकाचा. ज्यांनी मोटर उघडून पाहिली आहे त्यांना लगेच समजेल. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबक तयार होते, आणि चुंबक झटकन कमी-जास्त केले की शेजारच्या तारेत वीज उठते. फॅरडे नावाच्या शास्त्रज्ञाने 1831 साली हे शोधले. स्वतः तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला कामगार होता, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1985 साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच वेटोळे माणसाच्या डोक्यावर धरले. चुंबकाचा झोत कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या पेशींत बारीक वीज उठते. यालाच टीएमएस म्हणतात. 2008 साली अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला परवानगी मिळाली, भारतातही मोठ्या शहरांत ते वापरले जाते. नैराश्यात त्याचा उपयोग होतो. पण एडीएचडीसाठी तशी परवानगी त्याला मिळालेली नाही. क्वचित एखाद्याला फिट येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असते.

दुसरा प्रकार बॅटरीचा, टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे आणि एक-दोन मिलिअँपिअर वीज वीस-तीस मिनिटे सोडायची. आपल्या घरातला नऊ वॅटचा दिवा चाळीस किंवा त्याहून जास्त मिलिअँपिअर घेतो, यावरून ही वीज किती कमी ते समजेल. पत्रकातले मशीन याच जातीचे होते.

तिसरा प्रकार कपाळावरच्या पट्टीचा. चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे, तिला ट्रायजेमिनल म्हणतात. मूल झोपले की कपाळाला पट्टी चिकटवायची, रात्रभर बारीक ठोके द्यायचे. त्या नसेमार्फत मेंदूचा पुढचा भाग जागा होईल अशी कल्पना.

कल्पना मूर्खपणाची नाही बरं का. खात्यात जॉबर असतो ना? तो स्वतः तार जोडत नाही, पण कोणी कुठे लक्ष द्यायचे ते तो सांभाळतो. कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग हे जॉबरचे काम करतो. या मुलांत त्या भागाचे काम थोडे वेगळे चालते, त्याची वाढही थोडी मागून होते. म्हणून शास्त्रज्ञांना वाटले, जॉबरला बाहेरून जागे करता आले तर खाते सुरळीत चालेल. प्रश्न एवढाच, की तसे होते काय?

बंधू-भगिनींनो, आता जरा आकडे सांगतो. कंटाळू नका, सगळी गोष्ट या आकड्यांतच आहे.

कपाळाच्या पट्टीची चाचणी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. मुले 62, काळ चार आठवडे. निम्म्या मुलांना खरी पट्टी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण वीज न देणारी खोटी पट्टी. कोणाला खरी, कोणाला खोटी हे मुलांना माहीत नाही, आई-बापांनाही माहीत नाही. लक्षणांना गुण द्यायचे, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. खऱ्या पट्टीच्या मुलांचे गुण 34.1 वरून 23.4 वर आले. खोट्या पट्टीच्या मुलांचे 33.7 वरून 27.5 वर आले. खरी पट्टी वरचढ ठरली, आणि 2019 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सात ते बारा वर्षांच्या, औषध न घेणाऱ्या मुलांसाठी ते यंत्र विकायला परवानगी दिली. एडीएचडीच्या उपचारासाठी परवानगी मिळालेले ते पहिले यंत्र. जगभर बातम्या झाल्या. आपल्याकडच्या जाहिरातवाल्यांनी पुढे काय केले? परवानगी कपाळाच्या पट्टीला, आणि नाव मात्र सरसकट सगळ्या 'मेंदूच्या मशीन'चे.

पण गोष्ट तिथे संपली नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये कात्या रुबिया नावाच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी आणि साउथॅम्प्टनच्या मंडळींनी त्याच पट्टीची मोठी चाचणी घेतली. 62 नव्हे, 150 मुले. आणि यावेळी खोटी पट्टी जास्त काळजीपूर्वक बनवली, तीही थोडी थोडी चुणचुणायची, म्हणजे कोणाला ओळखू येऊ नये. निकाल 2026 साली प्रसिद्ध झाला. खऱ्या आणि खोट्या पट्टीत फरक निघाला नाही. याच प्राध्यापिकेच्या गटाने त्याआधी, 2021 साली, बॅटरीच्या मशीनचीही चाचणी छापली होती. 50 मुलगे, 15 बैठका, सोबत लक्षाचे व्यायाम. तिथेही खऱ्या विजेचा फायदा दिसला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही पत्रकवाल्यासारखाच होईन. ब्राझीलमध्ये 64 मोठ्या माणसांनी घरी चार आठवडे, रोज अर्धा तास बॅटरीचे मशीन लावले. त्यांच्यात लक्ष न टिकण्याचा त्रास कमी झाला. हे 2022 साली छापले गेले. पण ती मोठी माणसे होती, मुले नव्हेत. म्हणजे शास्त्राचे काम चालू आहे. उद्या एखादे यंत्र खरेच उपयोगी ठरेल, तेव्हा मीच इथे उभा राहून सांगेन. पण ज्याची अजून तपासणी चालू आहे ते खात्रीचे म्हणून विकणे आणि गरिबाने त्यासाठी कर्ज काढणे, याला उपचार म्हणत नाहीत.

आता माझे मन त्या आकड्यांत कुठे अडकले ते सांगतो. खोट्या पट्टीच्या मुलांचे गुण पुन्हा बघा. 33.7 वरून 27.5. वीज नाही, औषध नाही, तरी सहा गुण उतरले! कसे उतरले? काही अंशी आई-बापांच्या आशेमुळे. पट्टी लावली आहे म्हटल्यावर मूल सुधारलेच असेल असे वाटते, आणि गुण दिले जातात ते आई-बापांच्या सांगण्यावरूनच. पण मला आणखी एक वाटते, आणि हे माझे मत आहे, शास्त्रज्ञांच्या तोंडी घालू नका. चार आठवडे रोज रात्री आई किंवा बाप त्या मुलाजवळ बसला. ठरल्या वेळी त्याला झोपवले. कपाळावरून हात फिरवून पट्टी लावली. दिवस कसा गेला ते मनात नोंदवले. ओरडायच्या ऐवजी बघितले. चाळीस हजारांच्या त्या मशीनमधला हा भाग फुकट आहे, बाबांनो. तो कोणी विकत नाही, कारण त्यात नफा नाही.

याच दिवसांत घरात आणखी एक प्रकार घडला. माझा मुलगा, म्हणजे नातवाचा बाप, वायरमन आहे. त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि मला म्हणाला, "बाबा, चाळीस हजार कशाला? नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी, एक रेग्युलेटर. तीनशे रुपयांत मी घरी बनवतो." मी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. कृपा करून असे कोणी करू नका. स्पंज सुकला, वायर नीट बसली नाही, तर कातडी भाजते. वीज मेंदूच्या कुठल्या भागात जाते आहे ते आपल्याला दिसत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचा मेंदू म्हणजे प्रयोग करायचा बोर्ड नव्हे. फ्यूज उडाला तर बदलता येतो, मुलाचे डोके बदलता येत नाही.

शेवटी आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. मी, मुलगा, सूनबाई आणि नातू. दोन खेपा नुसत्या केसपेपर आणि रांगेत गेल्या, ते खोटे सांगत नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी पाऊण तास दिला. कान-डोळे तपासून घेतले होते. शाळेसाठी एक फॉर्म दिला होता, तो भरून आणला होता. मग त्यांनी माझ्या मुलाला विचारले, "तुम्ही लहानपणी कसे होता?" कारण हा आजार पुष्कळदा घराण्यात उतरतो. मुलगा खाली बघत म्हणाला, "असाच."

परतीच्या लोकलमध्ये गर्दी होती, आम्ही दोघे दारापाशी उभे. कळवा गेले, मुंब्रा गेले, तो काही बोलेना. दिव्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "बाबा, मग मला तुम्ही एवढं का मारायचात?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मंडळी, मी त्याला पट्ट्याने मारले आहे. पहिली पाळी करून यायचो, शाळेची तक्रार आलेली असायची, आणि माझा हात उठायचा. युनियनच्या सभेत माणुसकीवर भाषण करून घरी येऊन मारले आहे. नववीला नापास झाला आणि शाळा सुटली. मला वाटायचे, पोरगा बाबासाहेबांचे नाव राखत नाही. तो मुद्दाम करीत नव्हता, त्याच्याने होत नव्हते, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. गाडीतच मी त्याला म्हणालो, "चुकलं माझं." एवढेच बोलता आले. ही गोष्ट इथे सांगू की नको, याचा मी चार दिवस विचार केला. मुलाची परवानगी घेऊन सांगतो आहे. समोर बसलेल्यांपैकी एकाचा जरी उठलेला हात खाली आला तरी माझी लाज कारणी लागली.

डॉक्टरबाईंना मी यंत्राचे विचारले. त्या म्हणाल्या, मुलांसाठी अजून ते खात्रीचे नाही. आधी जे खात्रीचे आहे ते करू. खात्रीचे काय? लहान मुलांत पहिला उपाय म्हणजे आई-बापांचे शिक्षण. एका वेळी एकच काम सांगणे, काम लहान तुकड्यांत देणे, झाले की लगेच शाबासकी. शाळेत पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवणे. आणि गरज असेल तर औषध. औषधाचे नाव ऐकून लोक घाबरतात. मिथाइलफेनिडेट हे औषध 1954 पासून बाजारात आहे, यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त तपासलेले. 1999 साली अमेरिकेत 579 मुलांवरचा चौदा महिन्यांचा अभ्यास छापला गेला, त्यात नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणे चांगली आटोक्यात आली. त्याचे दुष्परिणाम आहेत, भूक कमी होते, झोप उशिरा लागते. म्हणून वजन, उंची, नाडी बघत द्यावे लागते. कायद्याने त्याच्यावर कडक नियंत्रण आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि दर दुकानात ठेवलेले नसते. शेजाऱ्याच्या मुलाच्या गोळ्या आपल्या मुलाला देऊ नका.

आता कुठे जायचे ते सांगतो. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. 2013 पासून ही योजना आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आपली तक्रार पथकाला लिहून द्या. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून आहे. आपण त्याला 'वेड्यांचे' म्हणतो आणि पलीकडच्या फुटपाथने जातो. ती भीती सोडा. बाह्यरुग्ण विभागात दाखवायला गेलेल्या माणसाला कोणी डांबून ठेवीत नाही. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. मुंबईत शीव, केईएम, नायर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. पुष्कळशा एडीएचडीच्या मुलांना वाचन-लेखनाची अडचणही सोबत असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत एडीएचडीचे वेगळे नाव नाही, पण अध्ययन अक्षमतेचे आहे. तशी अडचण निघाली तर सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र घ्या, परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. ती भीक नाही, हक्क आहे. आणि घरबसल्या बोलायचे असेल तर 'टेली मानस' हा सरकारी फोन 14416 वर चोवीस तास आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आणि कोणी डोक्याचे मशीन विकायला आलेच, तर हे प्रश्न विचारा. याला कोणत्या आजारासाठी परवानगी आहे? कोणत्या वयासाठी? खोट्या मशीनशी तुलना करून तपासले आहे काय? निदान कोणत्या डॉक्टरने केले, त्यांची पदवी काय? फायदा झाला नाही तर? पैसे आधी घेऊन उत्तरे नंतर देणाऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली या.

एक शेवटचे, आपल्याच घरचे. काही उपासक मला म्हणाले, मशीन कशाला, मुलाला आनापान शिकवा. शिकवा जरूर. पाच-दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यायला शिकला तर त्याचे भलेच आहे. मी नातवाला घेऊन बसतो, तो तीन मिनिटे बसतो, चौथ्या मिनिटाला पाल बघतो. पण आनापानाने एडीएचडी बरा होतो असे आपण छातीठोकपणे सांगू लागलो, तर आपल्यात आणि त्या पत्रकात फरक काय राहिला? आपले आहे म्हणून तपासणीतून सूट नाही. जी कसोटी मशीनला, तीच आपल्याला.

नातू आता गोळी घेतो, पहिल्या बाकावर बसतो. बाटल्या अजून हरवतो. डायरीतले शेरे कमी झाले, थांबले नाहीत. गेल्या महिन्यात एक पूर्ण गणित, शेवटच्या ओळीपर्यंत सोडवून त्याने माझ्यापुढे धरले. त्याचा बाप शेजारी बसला होता. त्याने ते वहीचे पान बराच वेळ हातात धरून ठेवले. सूनबाईचे सोने तिच्याच गळ्यात आहे.

 मागची बालमंडळी शांत बसली नाहीत, आजच्या विषयाला ते धरूनच होते. 

जयभीम! नमो बुद्धाय!